न्युमोनियानंतर घरी प्राणवायू : किती, कसा आणि कुठवर?

न्युमोनियाचा रुग्ण पूर्वी रुग्णालयातून घरी यायचा तेव्हा त्याच्याबरोबर गोळ्यांची पिशवी, एक्स-रेचे पाकीट आणि कोणी आणून दिलेली शहाळी असायची. आता कित्येकदा रिक्षातून आणखी एक वस्तू उतरते. कधी तो काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या खांद्याचा सिलिंडर असतो, तर कधी चाकांवरचे, फ्रीजसारखे घरघरणारे मशीन. २०२१ च्या करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर या वस्तू आपल्या गावांना नव्या राहिलेल्या नाहीत. पण वस्तू ओळखीची झाली म्हणजे तिचा वापर समजला, असे होत नाही.

प्राणवायू घरात आला की घरच्यांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "याची सवय लागेल, लवकर काढा." दुसरा म्हणतो, "प्राणवायूच आहे, जास्त दिला तर चांगलेच." या दोन्ही समजुतींपायी रुग्णांचे हाल झालेले मी पाहिले आहेत. मी काही छातीरोगतज्ज्ञ नाही, साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे. पण मोठ्या रुग्णालयातून घरी सोडलेला रुग्ण पुढचे दोन-तीन महिने आमच्यासारख्यांकडेच येत असतो. त्यामुळे वाचकहो, आज या घरच्या प्राणवायूविषयी थोडे सविस्तर बोलू.

ताप गेला, तरी प्राणवायू का?

आपल्या फुफ्फुसात द्राक्षांच्या घडासारखे असंख्य बारीक वायुकोश असतात. श्वासातली हवा तिथवर पोचते आणि तिच्यातला प्राणवायू रक्तात उतरतो. न्युमोनियात यातले पुष्कळसे कोश पू, पाणी आणि सुजेने भरून जातात. अशा भागातून जाणारे रक्त प्राणवायू न घेताच पुढे जाते. बाहेरच्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. निरोगी माणसाला तो भरपूर होतो, पण अर्धे कोश बंद पडलेल्या माणसाला पुरत नाही. नाकातल्या नळीने मिनिटाला २ लिटर प्राणवायू दिला की आत जाणाऱ्या हवेतले त्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवर जाते. मग जे कोश शाबूत आहेत त्यांच्या जोरावर शरीराची गरज भागते.

इंजेक्शनांनी जंतू मेले की ताप उतरतो, भूक लागते आणि रुग्ण बरा दिसू लागतो. पण कोशांत साचलेला मळ साफ व्हायला वेळ लागतो. आग विझली तरी राख उपसायचे काम उरतेच, तसेच हे आहे. साधारणपणे ताप पहिल्या आठवड्यात जातो. छातीतले दुखणे आणि बेडका चार आठवड्यांत बराच कमी होतो. खोकला आणि धाप कमी व्हायला सहा आठवडे लागतात. थकवा तीन महिन्यांपर्यंत रेंगाळू शकतो, आणि काहींना पूर्ववत व्हायला सहा महिनेही लागतात. वय जास्त असेल, मधुमेह असेल, दमा किंवा विडी-सिगारेटने फुफ्फुस आधीच खराब झाले असेल, तर हा काळ आणखी लांबतो. या मधल्या काळातला आधार म्हणून काही रुग्णांना प्राणवायू देऊन घरी सोडतात.

न्युमोनियाच्या रुग्णाला प्राणवायू देण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत डॉ. जॉर्ज होल्त्झॅपल यांनी १८८५ साली न्युमोनियाने अत्यवस्थ झालेल्या एका तरुणाला तो दिला होता. तेव्हा किती द्यायचा हे मोजण्याची सोय नव्हती. आज ती आपल्या हातात, किंबहुना बोटावर आहे. म्हणूनच अंदाजाने देण्याचे किंवा अंदाजाने बंद करण्याचे काही कारण उरलेले नाही.

सवय लागते का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. उत्तर स्पष्ट आहे : नाही. प्राणवायू ही दारू-तंबाखूसारखी नशा नव्हे. तो आपण जन्मापासून घेतच आहोत. ज्याची नळी सुटत नाही, त्याचे फुफ्फुस अजून सुधारलेले नसते किंवा ते आधीपासूनच अधू असते. नळीमुळे ते अधू होत नाही.

हाड मोडले की आपण प्लास्टर घालतो. प्लास्टरची सवय लागेल म्हणून चौथ्या दिवशी ते कोणी फोडत नाही. आणि हाड जुळल्यावर वर्षभर तसेच ठेवूनही देत नाही. ठरलेल्या दिवशी एक्स-रे काढून पाहतो आणि मग काढतो. न्युमोनियानंतरच्या प्राणवायूकडे याच नजरेने पाहावे.

आमच्या भागातले एक शेतकरी, वय ६२. न्युमोनियातून उठून घरी आले तेव्हा नळीशिवाय त्यांची ऑक्सिजन लेव्हल ८६ होती. म्हणून मिनिटाला २ लिटर प्राणवायू लिहून दिला होता. भेटायला आलेल्या पाहुण्यांपैकी कोणीतरी सांगितले, "अहो, आमच्या मेहुण्याला ही नळी लागली ती शेवटपर्यंत सुटली नाही." झाले. मुलाने चौथ्या दिवशी सिलिंडर बंद करून कोपऱ्यात लावला. दोन दिवसांनी सुनेच्या लक्षात आले की मामंजी सदरा उलटा घालताहेत आणि वारलेल्या आईला हाका मारताहेत. घरच्यांना वाटले, वयाने भ्रम झाला. सुनेने मात्र हट्टाने त्यांना दवाखान्यात आणले. लेव्हल ७९ होती. प्राणवायू लावला, आणि थोड्या वेळात त्यांनी सुनेला नावाने हाक मारली. तो भ्रम वयाचा नव्हता. मेंदूला प्राणवायू पुरत नव्हता. त्यांना पुन्हा रुग्णालयात हलवावे लागले. नंतर मात्र त्यांनी सांगितल्याप्रमाणे प्राणवायू घेतला आणि सातव्या आठवड्यात नळी कायमची सुटली. आज ते शेतावर जातात.

या प्रसंगात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांना धाप लागलेली नव्हती. प्राणवायू कमी पडला की धाप लागतेच असे नाही. आणि उलटही खरे आहे. दम लागतो म्हणजे प्राणवायू कमीच आहे असेही नाही. लेव्हल ९७ असताना धाप लागत असेल, तर कारण अशक्तपणा, रक्त कमी असणे, हृदयाचा आजार किंवा भीती यांपैकी काही असू शकते. तिथे प्राणवायूने फायदा होत नाही. खरे कारण शोधावे लागते.

जास्त दिला तर?

प्राणवायू हे औषध आहे आणि प्रत्येक औषधाला मात्रा असते. डिस्चार्ज कार्डावर "मिनिटाला २ लिटर" असे लिहिले असेल, तर त्याचे महत्त्व "दिवसातून दोन गोळ्या" इतकेच आहे.

बहुतेक न्युमोनियाच्या रुग्णांत लेव्हल ९४ च्या आसपास किंवा थोडी वर राहिली की पुरे. ती १०० करण्याचा अट्टाहास नको. पण एका गटाच्या बाबतीत विशेष जपावे लागते. अनेक वर्षे विडी ओढलेले, किंवा चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या आपल्याकडच्या कित्येक माताभगिनी यांना सी.ओ.पी.डी. नावाचा फुफ्फुसाचा जुनाट आजार असतो. त्यातल्या काहींच्या शरीरातून कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही. अशांना प्राणवायू प्रमाणाबाहेर दिला तर हा वायू रक्तात आणखी साचतो. म्हणून त्यांच्यासाठी ८८ ते ९२ ही लेव्हल योग्य मानली जाते.

एक आजी, वय ७०, जन्मभर चुलीवर स्वयंपाक केलेल्या. त्यांना मिनिटाला १ लिटर सांगितला होता. मुलगा आईवर जीव टाकणारा. रात्री लेव्हल ८९ दिसली म्हणून त्याने काटा ५ लिटरवर नेला. लेव्हल ९९ झाली, सगळे समाधानाने झोपले. सकाळी आजी उठेनात. हलवून जागे केले की डोके धरून बसायच्या आणि बोलता बोलता पुन्हा पेंगायच्या. रुग्णालयात मनगटाच्या धमनीतले रक्त तपासले तेव्हा कार्बन डायऑक्साइड खूप वाढलेला आढळला. वेळेवर नेल्यामुळे त्या वाचल्या. मुलाने जे केले ते प्रेमापोटी. ८९ हा आकडा त्याच्या आईसाठी ठीक आहे, एवढे कोणीतरी त्याला सांगायला हवे होते.

म्हणून घरी जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे : "आमच्या रुग्णाची लेव्हल कितीच्या खाली जाऊ द्यायची नाही आणि कितीच्या वर न्यायची नाही?" हे दोन्ही आकडे कागदावर लिहून भिंतीला चिकटवून ठेवावेत.

बोटावरचे यंत्र

बोटाला चिमट्यासारखे लावतात ते पल्स ऑक्सिमीटर. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली यामागचे तत्त्व शोधले. बोटातून प्रकाश पाठवून हे यंत्र रक्तातल्या प्राणवायूचा अंदाज घेते. ते फार उपयोगी आहे, पण नीट वापरले तरच. रुग्णाने पाच मिनिटे शांत बसावे. बोट गार असेल तर चोळून ऊबदार करावे. त्यावर नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नसावी. यंत्र लावल्यावर लगेच आकडा वाचू नये, मिनिटभर थांबून स्थिरावलेला आकडा घ्यावा. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवते. त्यामुळे आकडा चांगला असला तरी रुग्ण मलूल वाटत असेल, तर आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवून डॉक्टरांकडे यावे.

रोज सकाळ-संध्याकाळ दोनदा मोजले तरी पुरते. दर पंधरा मिनिटांनी यंत्र लावून घरभर घबराट करू नये. एक शंभर पानी वही करावी. तारीख, वेळ, त्या वेळी किती लिटर प्राणवायू चालू होता, रुग्ण बसलेला होता की चालून आलेला, लेव्हल आणि नाडी, एवढे लिहावे. बरेच लोक मला फोनवर सांगतात, "डॉक्टरसाहेब, ९४ आहे." मी विचारतो, "किती लिटरवर?" नळीशिवाय ९४ आणि ३ लिटरवर ९४ यांत मोठे अंतर आहे. लिटर लिहिले नसतील, तर त्या ९४ वरून काही ठरवता येत नाही.

सिलिंडर की मशीन?

मशीन, म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, खोलीतलीच हवा आत ओढते. आतल्या झिओलाइट नावाच्या खड्यांत नायट्रोजन अडकतो आणि ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध प्राणवायू बाहेर येतो. "मग खोलीतला प्राणवायू संपणार नाही का?" असे एका आजोबांनी मला विचारले होते. संपत नाही. दारे-खिडक्यांतून हवा येतच असते.

रोज बरेच तास आणि बरेच दिवस प्राणवायू लागणार असेल, तर मशीन सोयीचे. पण त्याला वीज लागते. ५ लिटरचे मशीन साधारण ३०० ते ४०० वॅट वीज घेते. दिवसाला १५ तास चालवले तर सुमारे ५ युनिट होतात. ते भिंतीपासून फूटभर दूर ठेवावे, पडद्याआड किंवा स्वयंपाकघरात ठेवू नये. अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच जोडावे. बाहेरची जाळी आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून बसवावी.

वीज गेली तर काय, याची तजवीज पहिल्याच दिवशी करावी. घरचा इन्व्हर्टर मशीनचा भार किती तास पेलेल हे वायरमनकडून तपासून घ्यावे. लहान, बी टाइपचा एक सिलिंडर भरून हाताशी ठेवणे उत्तम. त्यात सुमारे १,५०० लिटर प्राणवायू मावतो. मिनिटाला २ लिटर वापरला तर तो बारा तास पुरतो. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर असतो. तो त्याच हिशेबाने दोन दिवसांहून थोडा अधिक चालतो. सिलिंडर उभा, साखळीने भिंतीला किंवा स्टँडला बांधलेला असावा. त्याची चावी तिथेच दोरीने टांगून ठेवावी. रात्री दोन वाजता चावी शोधण्याची वेळ कोणावर येऊ नये.

आणखी एक इशारा. २०२१ मध्ये घेतलेली किंवा देणगीत मिळालेली मशीने अनेक ठिकाणी धूळ खात पडली आहेत. गरजूला ती मिळाली तर चांगलेच आहे. पण दीर्घकाळ बंद राहिलेल्या मशीनमधले खडे दमट हवेने निकामी होतात. मग मशीन घरघरते, काचेतली गोळी ५ वर नाचते आणि नळीतून येते ती जवळजवळ साधी हवा! म्हणून असे मशीन घेताना विक्रेत्याकडून किंवा दुरुस्ती करणाऱ्याकडून प्राणवायूची शुद्धता मोजून घ्यावी.

नळीतून प्रवाह येतो की नाही याची शंका आली, तर नाकात घालायची टोके पेलाभर पाण्यात बुडवून पाहावीत. बुडबुडे आले तर प्रवाह आहे. न आल्यास नळी कुठे पलंगाच्या पायाखाली दबली आहे का ते पाहावे. टोके पुसून, कोरडी करून मग पुन्हा नाकात घालावीत. काचेतला आकडा वाचताना गोळीचा मध्य रेषेवर आला पाहिजे. पाण्याची बाटली जोडलेली असेल तर तिच्यात उकळून गार केलेले किंवा डिस्टिल्ड पाणी घालावे. ते रोज बदलावे आणि बाटली धुवावी. बाटलीत शेवाळ धरलेले मी पाहिले आहे. फुफ्फुस बरे करायला आणलेल्या वस्तूतून नवे जंतू आत जायला नकोत.

विडी, उदबत्ती आणि खोबरेल तेल

प्राणवायू स्वतः पेट घेत नाही, पण जिथे तो जास्त असतो तिथे साधी ठिणगीही भडका उडवते. रुग्णाचे कपडे, पांघरूण, दाढी-केस यांत प्राणवायू मुरलेला असतो. नळी नाकात असताना विडी पेटवल्याने चेहरा भाजलेल्या रुग्णांच्या नोंदी जगभर आहेत. "आत्ता नळी काढली आहे, एक ओढतो," हेही चालणार नाही. बंद केल्यानंतरही अर्धा तास कपड्यांतला प्राणवायू धोका देऊ शकतो. खरे म्हणजे ज्याला न्युमोनियाने प्राणवायूपर्यंत आणले, त्याने विडीचे बंडल पुन्हा घरात येऊ देऊ नये. घरातल्या इतरांनीही त्या खोलीत धूम्रपान करू नये.

आपल्या घरांत याहून सोज्वळ धोकेही असतात. देवापुढचे निरांजन, उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, गॅसची शेगडी, हिवाळ्यातली कोळशाची शेगडी. रुग्णाचा पलंग देवघराजवळ असेल तर देवाची जागा तशीच राहू द्या, पलंग हलवा. उघड्या ज्योतीपासून निदान दहा फुटांचे अंतर हवे.

तिसरा धोका तेलाचा. नळीने नाक कोरडे पडते म्हणून आपण पटकन खोबरेल तेल, तूप, व्हॅसलीन किंवा बाम लावतो. हे पदार्थ प्राणवायूच्या सान्निध्यात पेट घेऊ शकतात. त्याऐवजी औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब किंवा पाण्यावर आधारित जेली डॉक्टरांना विचारून वापरावी. सिलिंडरच्या तोंडाला आणि रेग्युलेटरला तेलकट हात लावू नये. चावी घट्ट बसली म्हणून तेल सोडण्याचा उद्योग तर मुळीच करू नये.

नळी असली तरी चालावे

प्राणवायू लागला म्हणून रुग्णाला अंथरुणाला खिळवून ठेवणे चुकीचे आहे. झोपून राहिल्याने पायांचे स्नायू झिजतात, फुफ्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही, बेडका साचतो आणि पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. लांब नळी घेऊन दिवसातून चार-पाच वेळा खोलीत फेऱ्या माराव्यात. जेवण पलंगावर न करता खुर्चीत बसून करावे. दर तासाला सावकाश दहा खोल श्वास घ्यावेत. रुग्णालयातून तीन गोळ्यांचे खेळण्यासारखे यंत्र दिले असेल, तर ते कपाटात न ठेवता वापरावे.

आहारात पथ्याच्या नावाखाली नुसती पेज-भात देऊ नये. झिजलेल्या स्नायूंना प्रथिने लागतात. वरण, उसळ, दूध, दही, शेंगदाणे, आणि चालत असेल तर अंडी-मासे द्यावेत. दह्याने कफ होतो म्हणून ते कायमचे तोडण्याचे कारण नाही. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मात्र आहार डॉक्टरांना विचारून ठरवावा.

बंद केव्हा करायचा?

हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच विचारायचा राहून जातो. डिस्चार्ज कार्डावर "प्राणवायू चालू ठेवा" असे असते, पण कधीपर्यंत ते पुष्कळदा लिहिलेले नसते.

एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे रक्तदाबासाठी आले. न्युमोनिया होऊन सात महिने झाले होते आणि मशीन अजून घरी चालू होते. दर महिन्याला भाडे जात होते, विजेचे बिल वाढले होते. नळी अंगणापर्यंत पोचत नाही म्हणून गुरुजी सात महिने अंगणात गेले नव्हते. नातवाच्या मुंजीलाही घरीच बसून राहिले. मी विचारले, "नळीशिवाय लेव्हल कधी पाहिली होती?" ते म्हणाले, "छे हो, काढायची कोणाची छाती आहे?" माझ्याकडे येतानाही लहान सिलिंडर बरोबर होता. तो बंद करून त्यांना अर्धा तास बाकावर बसवले. लेव्हल ९७. बाहेर व्हरांड्यात सहा मिनिटे चालवले. ९५. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. पुढच्या काही दिवसांत, रात्रीचीही लेव्हल पाहून, मशीन परत गेले. गुरुजींचे फुफ्फुस केव्हाच बरे झालेले होते. अडकून पडले होते ते तपासणीच्या अभावी.

अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१३ साली याविषयी स्पष्ट सूचना दिली आहे. तीव्र आजारानंतर घरी दिलेला प्राणवायू, त्याची गरज अजून आहे की नाही हे तपासल्याशिवाय पुढे चालू ठेवू नये, आणि ही तपासणी तीन महिन्यांच्या आत व्हावी. आपल्याकडेही दोन-तीन आठवड्यांनी एकदा आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा, असे डॉक्टरांना भेटावे. ही तपासणी बसून, चालून आणि झोपेत अशा तिन्ही वेळची लेव्हल पाहून होते. बहुधा आधी बसल्या जागचा प्राणवायू सुटतो, मग चालतानाचा आणि झोपेतला. मात्र हा प्रयोग डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच करावा. "आज बरे वाटतंय" एवढ्यावर नळी काढू नये.

सहा आठवड्यांनंतरही खोकला-धाप राहिली, किंवा रुग्ण पन्नाशीच्या पुढचा वा धूम्रपान करणारा असेल, तर छातीचा एक्स-रे पुन्हा काढावा. डाग तसाच राहिला असेल तर क्षयरोग, गाठ, छातीत पाणी अशी दुसरी कारणे शोधावी लागतात. बेडका तपासणीची सोय सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

काहींना कायमचा लागतो

काही थोड्या रुग्णांचे फुफ्फुस पूर्वीच्याच आजाराने इतके खराब असते की न्युमोनिया हे केवळ निमित्त ठरते. आठ आठवडे उलटून प्रकृती स्थिरावल्यावरही विश्रांतीत लेव्हल ८८ किंवा त्याखाली राहिली, तर धमनीतले रक्त तपासून दीर्घकाळच्या प्राणवायूचा निर्णय तज्ज्ञ घेतात. अशा सी.ओ.पी.डी.च्या रुग्णांना दिवसाचे निदान १५ तास प्राणवायू दिला तर आयुष्य वाढते, हे अमेरिका आणि ब्रिटनमध्ये १९८० आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवले. उलट, ज्यांची लेव्हल थोडीच कमी होती अशा सी.ओ.पी.डी.च्या रुग्णांना घरच्या प्राणवायूने असा लाभ झाला नाही, हे २०१६ सालच्या अमेरिकी अभ्यासात दिसले. म्हणजे ज्याला गरज आहे त्याच्यासाठी तो संजीवनी आहे, आणि ज्याला नाही त्याच्यासाठी नुसता खर्च व गळ्यातला फास. कायमचा लागणाऱ्यांनीही खचून जाऊ नये. नळी लावून स्वतःची कामे करणारे, नातवंडांचा अभ्यास घेणारे लोक माझ्या परिचयाचे आहेत.

ताबडतोब केव्हा हलवावे?

सांगितलेला प्राणवायू चालू असूनही लेव्हल ठरलेल्या मर्यादेखाली जाऊन तिथेच राहिली. श्वास मिनिटाला ३० च्या वर गेले. ओठ किंवा नखे निळसर झाली. रुग्ण असंबद्ध बोलू लागला किंवा पेंगू लागला. ताप परत आला. छातीत जोराची कळ आली. बेडक्यातून रक्त पडले. किंवा एकच पाय सुजून दुखू लागला, तर उद्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत प्राणवायू चालूच ठेवावा, पण मनाने काटा वाढवत बसू नये. किती करायचा ते फोनवर डॉक्टरांना विचारावे.

घरी नेण्यापूर्वी विचारायचे पाच प्रश्न

हा तुकडा कापून ठेवला तरी चालेल.

१. मिनिटाला किती लिटर, बसून किती आणि चालताना किती?
२. दिवसातून किती तास? झोपेत लावायचा का?
३. लेव्हल कितीपासून कितीपर्यंत ठेवायची?
४. बिघाड झाला किंवा वीज गेली तर कोणाला फोन करायचा?
५. नळीची गरज उरली आहे का, हे कोणत्या तारखेला तपासायचे?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर तारखेसह कार्डावर लिहून घेतल्याशिवाय रुग्णालयाची पायरी उतरू नका. आणि न्युमोनिया पुन्हा होऊ नये म्हणून फ्लूची दरवर्षीची लस व न्युमोकॉकसची लस, विशेषतः साठीपुढच्यांनी आणि मधुमेह, दमा, हृदयरोग असलेल्यांनी, आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. घरात अजून चूल पेटत असेल, तर धूर बाहेर जाण्याची सोय करावी. पुढच्या हिवाळ्याआधी एवढे करून घेतलेत, तर सिलिंडर पुन्हा दारात उतरवावा लागण्याची शक्यता पुष्कळच कमी होईल.